टाय फायटरला शील्ड नाही म्हणजे नाहीच: स्टार वॉर्स स्क्वॉड्रन्स

स्टार वॉर्समधले लाइटसेबरवाले गेम पैशाला पासरी मिळतात, पण ज्याला एक्स-विंग (बंडखोरांचं लढाऊ यान) नायतर टाय फायटरच्या (एम्पायरचं लढाऊ यान) कॉकपिटात बसायचंय त्याच्यासाठी अलीकडच्या काळात घेण्यासारखा मला तरी हा एकच दिसला. मोटिव्ह स्टुडिओने बनवलाय, ईए कंपनीने २ ऑक्टोबर २०२० ला काढला, तेव्हा ४० डॉलरला होता, आता सेल लागला की मातीमोल भावात मिळतो.

ग्राफिक्स भारी आहेत, आवाज तर अस्सलच, पण ते आजकाल कुणीही करतं. मला आवडलं ते हे की सिनेमातली यंत्रं जशी आहेत तशीच, उणिवांसकट ठेवलीत. न्यू रिपब्लिकच्या, म्हणजे बंडखोरांच्या बाजूच्या यानात पॉवर तीन ठिकाणी वाटायची असते, इंजिन, लेझर आणि शील्ड (मारा झेलणारं अदृश्य कवच). सगळी इंजिनाला दिली की बूस्ट भरतो पण लेझर लगेच कोरडी पडते, सगळी शील्डला दिली तर कासव होता. वर शील्ड पुढे ठेवायचं का मागे हेही तुम्हीच बघायचं, म्हणजे स्टार डिस्ट्रॉयरवर (एम्पायरचं अवाढव्य युद्धयान) चाल करून जाताना सगळं पुढे आणि पळताना सगळं मागे, आणि हे सगळं कुणीतरी शेपटीला लागलेलं असताना करायचं.

आता एम्पायरकडून खेळा. साध्या टाय फायटरला शील्डच नाही! एम्पायरच्या लेखी पायलट मेला तर दुसरा बसवू, आणि गेम ते गुपचूप सावरून घेत नाही. दोन चांगल्या फैरी बसल्या की खेळ खल्लास. त्याच्या बदल्यात टायला एक झकास गोष्ट दिलीय, बूस्टची पॉवर एका झटक्यात लेझरमध्ये ओतता येते किंवा उलटं. त्यामुळे एक्स-विंगवाला मार खात खात भांडतो आणि टायवाला मार बसायच्या आधीच गायब व्हायला शिकतो. (टाय रीपरला शील्ड आहे, आणि डिसेंबर २०२० मध्ये बी-विंगबरोबर आलेल्या टाय डिफेंडरलाही, पण ती यानं मुळातच तशी आहेत, त्यामुळे तक्रार नाही.)

कॅमेरा फक्त कॉकपिटचा, बाहेरून यान बघत लढायची सोयच नाही. टायमध्ये बसलात की समोर ती गोल जाळीची खिडकी आणि बाजूला जवळजवळ काहीच दिसत नाही, रिपब्लिकच्या ए-विंगमध्ये मात्र काचेच्या घुमटात बसल्यासारखं मोकळं. व्हीआर (डोळ्यांवर लावायचा हेडसेट) असेल तर सोडूच नका. आणि सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनवरचे सगळे मार्कर बंद करून फक्त डॅशबोर्डवरच्या काट्यांवर एकदा उडवून बघा, माझी पहिल्या मिनिटात फाटली. डॅशबोर्डवर बाहुल्या ठेवता येतात आणि वरून काहीबाही लटकवताही येतं, आपल्या टॅक्सीवाल्यांना गेम तिथेच पटेल.

फिजिक्सवाले येतील सांगायला की अंतराळात यान असं विमानासारखं वळत नाही. खरंय, पण स्टार वॉर्सच्या जॉर्ज लुकासने मुळातच दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांची फुटेज समोर ठेवून ती दृश्यं बसवली होती, त्यामुळे इथे खरं अंतराळ आणलं असतं तर तीच बेइमानी झाली असती. थ्रॉटल (वेगाचा दांडा) अर्ध्यावर ठेवला की यान सगळ्यात झटपट वळतं, बूस्ट मारून मध्येच सोडला की जुन्याच दिशेला घसरत जातं आणि तेवढ्यात तोंड फिरवून मागच्याला उडवायचं. पॉवर वाटायचा हा प्रकार १९९३ च्या एक्स-विंग गेममध्येही होता, जुन्या खेळाडूंना लगेच हात बसेल.

खटकलं काय तर ते रिपेअरचं बटण. एक्स-विंगमागे ड्रॉइड (रोबो) बसलाय, तो दुरुस्त करतो हे पटतं, पण मरायला सोडलेल्या टायमध्येही बटण दाबलं की पत्रा आपोआप सांधला जातो, हे काय लॉजिक? आणि टाय बॉम्बर शील्ड नसून इतका दणकट केलाय की त्याला पाडता पाडता हात दुखतात. स्टोरी ठीकठाक, आळीपाळीने दोन्ही बाजूंनी खेळता येते, पण पात्रं हँगरमध्ये उभी राहून नुसती बोलत बसतात, मी तर स्किप करत गेलो.

डिसेंबर २०२० नंतर नवीन यान काही आलं नाही. ऑनलाइन ५ विरुद्ध ५ ला आता आपल्या रात्रीच्या वेळेत माणसं जमत नाहीत आणि जी भेटतात ती इतकी मुरलेली असतात की तुम्ही वळायच्या आत तुमचा धूर. फ्लीट बॅटल हा प्रकार एआयविरुद्ध (कॉम्प्युटरविरुद्ध) खेळा, आधी मधली झुंज जिंकायची, मग शत्रूची मध्यम आकाराची युद्धयानं पाडायची, मग फ्लॅगशिपवर, म्हणजे त्यांच्या मुख्य यानावर तुटून पडायचं. चार मित्र असतील तर रविवारची दुपार मस्त जाते, फक्त एकाला यू-विंगवर (रसद पुरवणारं यान) बसवा, नाहीतर मिसाइल संपली की सगळेच बोंबलत फिरतात.