ई-संजीवनी: घरून नको, उपकेंद्रात जाऊन वापरा

दोन महिन्यांपासून मायचे पाय सुजायले होते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. धारूरकडून अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर आख्खा दिवस मोडतो, अन् सोयाबीन काढणीत एवढा दिवस कोणापाशी असतोय? म्हणून ई-संजीवनी. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवायची केंद्र सरकारची सेवा आहे, मोहालीच्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनं बनवलेली, पैसे लागत नाहीत. 2020 च्या लॉकडाउनमध्ये घरबसल्या ओपीडी सुरू झाली तेव्हापासून नाव ऐकून होतो.

आधी घरून मोबाईलवर केलं. ओटीपी आला, टोकन मिळालं, पण आमच्याकडं रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. मायला तिथं उन्हात दगडावर बसवलं. डॉक्टर दिसले, ओठ हलले, आवाज गायब. ती डोक्यावरचा पदर सारखा करून फोनला हात जोडून बसलेली. त्या दिवशी तसंच घरी आलो.

मग गावच्या उपकेंद्रात गेलो. तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंनी आधी बीपी, शुगर, वजन घेतलं, आधीची सगळी माहिती भरली, मग लॅपटॉपवर डॉक्टरांना जोडून दिलं. अर्धा तास थांबावं लागलं.

डॉक्टरांनी ताईंना सांगितलं, "नडगीवर अंगठा दाबून धरा, खड्डा पडतो का बघा." पडला. दम लागतो का, रात्री उशी उंच लागते का, हे विचारलं. मग गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. चमकत होतं, नाव वाचता येईना. ताईंनी तिरपं धरलं तेव्हा दिसलं: अ‍ॅम्लोडिपिन, 10 मिलिग्रॅमची. बीपीच्या ह्या गोळीनंही पाय सुजतात, डोस वाढला की जास्तच, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांनी ती 5 वर आणली, जोडीला दुसरी दिली, अन् किडनीसाठी रक्त-लघवी तपासायला लावली. रिपोर्ट ठीक आले. पंधरा दिवसांत पट्टा रुतायचा बंद झाला.

माय मात्र नाराजच. "नाडी बघितली न्हाई, पोट दाबलं न्हाई, कसला डॉक्टर ह्यो?" मी म्हणलं, ताईंनी दाबलं की. "ती पोरगी हुशार हाय," एवढंच बोलली. मलाही तेच वाटतं. डॉक्टर पडद्यावर होते, पण अंगठा ताईंचा होता. टाकीजवळ तो खड्डा कोणाला दिसला असता?

एक गैरसोय: नवी गोळी उपकेंद्रात नव्हती, मेडिकलवरून विकत आणावी लागली. म्हणून माझ्याकडून पाचपैकी चार गुण.

जाणार असाल तर सकाळी जा, लसीकरणाचा दिवस टाळा. जुनी पाकिटं सोबत न्या, चिठ्ठी नाही, पाकिटंच. अन् छातीत दुखत असेल तर ह्याच्या नादी लागू नका, सरळ 108 ला फोन लावा.