हार्वेस्टरचे रास्प बार आणि जाळी: डुप्लिकेट संच घ्यावा का?

पंजाबात बनलेले हार्वेस्टर आपल्याकडे दौंड-बारामतीतही गहू, सोयाबीन काढतात. त्यांच्या मळणीच्या ड्रमवर रास्प बार, म्हणजे दाणा सोडवणाऱ्या तिरक्या शिरांच्या पट्ट्या असतात. त्यांचे डुप्लिकेट, म्हणजे मूळ कंपनीचे नसलेले संच पुण्यात मागवून मिळतात. बार बघून घ्या, चालतील. सोबतचे बोल्ट मात्र दुकानातच परत द्या.

बारच्या धारेवर कानशीचा कोपरा ओढा. कानस घसरली तर पाणी नीट दिलंय, म्हणजे बार तापवून कडक केलाय. चावली तर बार नरम आहे, शिरा लवकर गोल होणार. मग दाणा सुटत नाही म्हणून ड्रायव्हर ड्रम पळवतो आणि सोयाबीनची डाळ पडते. बारची पाठ बैठकीवर सपाट बसलीच पाहिजे. भोकं जुळत नसतील तर कानशीने लांबट करू नका, संच बदलून घ्या.

8 बारच्या ड्रमला 4 डावे, 4 उजवे (शिरांचा तिरकेपणा उलट) लागतात, एकाआड एक. एकाच हाताचे बसवले की काड ड्रमच्या एका टोकाला सरकतं आणि जाळी (ड्रमखालची, दाणा गाळणारी) तिथेच झिजते. डुप्लिकेट संचात सगळ्यात जास्त घोळ इथेच, म्हणून गठ्ठा दुकानातच सोडून मोजा. प्रत्येक बार वजन करून सारख्या वजनाचे समोरासमोर लावा, नाहीतर ड्रम थरथरतो आणि बेअरिंग जातं. एकच बार बदलायचा असला तरी समोरचाही बदला. शंका असेल तर ड्रम भोसरीत बॅलन्स करून घ्या. बेअरिंगपेक्षा स्वस्त पडतं.

जाळी घेताना पट्ट्या सरळ आहेत का ते पट्टी टेकवून बघा आणि तारांमधलं अंतर जुन्या जाळीशी ताडा. दाट जाळीत सोयाबीन अडकून फुटतं, तिथे एकाआड एक तार काढतात. गव्हाला दाटच बरी.

नवे बार उंच असतात, त्यामुळे जुनं सेटिंग घट्ट होतं. ड्रम हाताने फिरवून सगळ्यात उंच बार शोधा आणि बार-जाळीमधली फट दोन्ही टोकांना मोजा. गव्हाला पुढे 10 ते 15 मिमी, मागे 5 ते 8. ड्रम मिनिटाला 800 ते 1000 फेऱ्यांवर. सोयाबीन-हरभऱ्याला फट जास्त आणि फेऱ्या 400 ते 600. शेवटी मशीनचं पुस्तक खरं.

बोल्ट हाय टेन्साइलच (जास्त ताकदीच्या पोलादाचे), सारख्या लांबीचे. पहिल्या एकरानंतर इंजिन बंद करून सगळे पुन्हा आवळा.