मणक्यातल्या इम्प्लांटच्या संसर्गासाठी झेन-36: उजेडावर किती विसंबावे?

मणक्यात बसवलेल्या धातूवर जंतूंनी घर केले की ते वाढतात कसे, हे तोच उंदीर आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवून पाहायचे असेल, तर झेन-36 हा स्वतः उजेड देणारा जंतू ही आमची पहिली पसंती. रुग्णाच्या रक्तातून मिळालेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) या जंतूमध्ये उजेड निर्माण करणारी लक्स जनुके घालून हा वाण तयार झाला. बाहेरून काही टोचावे लागत नाही; आयसोफ्लुरेनची भूल देऊन उंदीर कॅमेऱ्याखाली ठेवला की पुरे.

लॉस एंजेलिसच्या गटाने 2017 मध्ये मांडलेल्या पद्धतीत एल-4 या कमरेच्या चौथ्या मणक्याच्या मागच्या टोकाला सुईने भोक पाडून 0.1 मिमी जाडीची, इंग्रजी एलसारखी वाकवलेली स्टीलची तार बसवतात आणि तिच्यावर जंतू सोडतात. सारे अडते ते मात्रेवर. सुमारे 1,000 सीएफयूला (म्हणजे प्लेटवर वसाहत करू शकणाऱ्या इतक्या जिवंत जंतूंना) संसर्ग मुरतो. त्याच्या दहापट दिले तर जखम उसवण्याची भीती. उसवली की बाहेरचे जंतू शिरतात आणि तो उंदीर हिशोबातून बाद. फार कमी दिले तर उंदराचे शरीरच जंतू निपटून टाकते. म्हणून लॉग फेजमधली, म्हणजे जंतू झपाट्याने वाढत असतानाची, ताजी वाढ घ्या आणि उरलेले द्रावण लगेच प्लेटवर पसरून खरी मात्रा मोजा. नुसत्या ऑप्टिकल डेन्सिटीवर, म्हणजे द्रावणाच्या गढूळपणाच्या मापावर, राहू नका. स्टॅफच्या गुठळ्या आकडा फसवतात.

मोठी उणीव उजेडातच आहे. त्याला ऑक्सिजन लागतो आणि जंतूची चयापचय क्रिया चालू असावी लागते. बायोफिल्मच्या, म्हणजे तारेवर जंतूंनी धरलेल्या चिकट थराच्या, तळाशी मंदावलेले जंतू जिवंत असूनही दिसत नाहीत. त्यात हा निळसर-हिरवा उजेड रक्त आणि काळे केस शोषून घेतात, तेव्हा सी57 या काळ्या जातीच्या उंदराची पाठ दर वेळी भादरावीच लागते. स्क्रीन काळी दिसली म्हणून प्रतिजैविक जिंकले असे लिहिणे चूक आहे, आणि ती चूक रुग्णापर्यंत पोचू शकते. तार कातडीला न टेकवता काढा, सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी तिच्यावरचे जंतू सुटे करा. भोवतालचे हाड-मांस वेगळे कुटून दोन्हींची वाढ मोजा. जंतू न दिलेल्या, पण तार बसवलेल्या उंदरांचा गट हवाच.

जखमेत टाकायच्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाच्या पावडरीच्या चाचणीसाठी मात्र ससा बरा. 2014 च्या प्रयोगात सगळ्या सशांना सेफाझोलिन हे प्रतिजैविक दिले होते. पावडर मिळालेल्यांच्या जखमा निर्जंतुक निघाल्या, बाकी सगळ्यांत जंतू सापडले. पण तपासणी चौथ्या दिवशीच झाली होती. त्यातून प्रतिबंध कळतो, जुन्या बायोफिल्मवरचा उपचार नाही.