लाउंज, फूड कोर्ट की घरचा डबा?

बँकेच्या कार्डवर एअरपोर्टचं लाउंज (बसायची-खायची वेगळी जागा) फ्री आहे, जाऊ का, असं हल्ली दर दोन आठवड्यांनी कोणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं, कार्ड नंतर काढा, आधी घड्याळ बघा. सिक्युरिटी झाल्यावर हातात दीड तास उरत असेल तर विचार करा, पाऊण तास असेल तर नाद सोडा. डोमेस्टिकला बोर्डिंग गेट साधारण 25 मिनिटं आधी बंद होतं, मोठ्या टर्मिनलवर गेटपर्यंत चालण्यात दहा मिनिटं जातात आणि लाउंजमध्ये बऱ्याचदा अनाउन्समेंटच नसते, त्यामुळे इडली खाता खाता स्क्रीनकडे लक्ष ठेवायचं काम आपलंच.

सकाळची पुण्याहून दिल्ली किंवा बंगळूरची फ्लाइट असेल तर मी तरी लाउंजला जात नाही. जुलै 2024 पासून नवीन टर्मिनल सुरू झालंय, तिथे गेटजवळ बसायला जागा मिळते, चार्जिंग मिळतं, मग दोन तासांच्या फ्लाइटसाठी अजून काय हवंय? आणि सकाळी ऑफिसवाल्यांच्या गर्दीत लाउंजबाहेर रांग लागते ती वेगळीच. एकदा एका एअरपोर्टवर (कुठल्या ते जाऊ दे) मी वीस-पंचवीस मिनिटं रांगेत उभी राहिले, नंबर आला, कार्ड लावलं तर मशीन म्हणतं एलिजिबल नाही, कारण बँकेने मधल्या काळात नियम बदललेला, मागच्या तिमाहीत ठराविक खर्च केला असेल तरच एंट्री, आणि मला पत्ताच नाही. मागचे काका म्हणाले, मॅडम जरा बाजूला व्हा. तेव्हापासून घरून निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये बघूनच निघते.

आणि हो, लाउंजला कार्ड लावल्यावर फक्त 2 रुपये कापले (काही कार्डांना 25) म्हणजे फुकट झालं असं नाही हं. कार्डची वार्षिक फी असते, वर तिमाहीचा खर्च पुरा करायला नको ती खरेदी होते, म्हणजे उपमा तसा महागातच पडतो.

फूड कोर्टात कॉफी-सँडविच घेतलं तरी चारशे-पाचशे सहज जातात, पण पाच मिनिटांत हातात मिळतं आणि गेट समोर दिसत असतं. डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता एअरपोर्टवर उडान यात्री कॅफे सुरू झाला, नंतर चेन्नईला पण, तिथे चहा 10 रुपये आणि समोसा 20. असा कॅफे असेल तर नुसत्या खाण्यासाठी लाउंज शोधत फिरण्यात काही अर्थ नाही. डबा तर सगळ्यात स्वस्त, पोळी आणि सुकी भाजी सिक्युरिटीतून आरामात जाते (दही किंवा रस्सा नको), रिकामी बाटली नेली की आत भरून घेता येते.

पण मुंबईच्या टी2 (टर्मिनल 2) वरून रात्री दोन-तीनची इंटरनॅशनल फ्लाइट असेल, त्यातून तुम्ही पुण्याहून येणार असाल, तर माझं मत एकदम उलटं. एक्स्प्रेसवेला ट्रॅफिक लागेल या भीतीने आपण दुपारीच कॅब काढतो आणि रस्ता नेमका त्याच दिवशी मोकळा मिळतो, मग चार-पाच तास करायचं काय? इथे लाउंजमध्ये सोफा, जवळ बाथरूम, गरम जेवण, काही ठिकाणी अंघोळीची सोय, यासाठी माणशी हजाराच्या वर खिशातून गेले तरी मला पटतं. फक्त आत साधारण दोन-तीन तासच बसू देतात, त्यामुळे पोचल्या पोचल्या आत शिरू नका, फ्लाइटच्या वेळेपासून उलटं मोजा.

आई-बाबांना नेणार असाल तर अजून दोन गोष्टी. एका कार्डवर बहुतेक एकच माणूस जातो आणि ॲड-ऑन कार्ड (घरच्यांच्या नावाचं जोडकार्ड) काढलं तरी फ्री एंट्रीचा कोटा बऱ्याचदा तुमच्याच कार्डातून जातो, तेव्हा तिघं मिळून किती पैसे भरावे लागतील ते आधी बघा. आणि व्हीलचेअर बुक केली असेल तर अटेंडंटला सुरुवातीलाच सांगा की लाउंजला सोडायचंय, परत न्यायला किती वाजता येणार तेही विचारून घ्या, नाहीतर तो सरळ गेटवर नेऊन बसवतो आणि लाउंज राहतं पार दुसऱ्या टोकाला.