नमुना दाखवला एक, जाळी बसवली दुसरीच

खिडक्यांना आणि दारांना माश्यांसाठी जाळी बसवून घेताना आमची जी फसवणूक झाली, तिची हकिकत येथे सविस्तर देत आहे. असाच प्रकार आमच्या परिसरातील आणखी काही घरांत घडल्याचे मागाहून कळले, आणि आंब्याचा हंगाम सुरू झाला की अशी कामे घेणारी मंडळी गावोगाव फिरू लागतात, म्हणून ही माहिती इतरांपर्यंत पोहोचणे मला आवश्यक वाटते.

आमचे घर रत्नागिरी तालुक्यात खाडीच्या काठाला आहे. वैशाख सरता सरता आंबे-फणस झाडाखाली पडून कुजू लागतात, शेजारी गोठा आणि त्याची गायरी, म्हणजे शेणाचा उकिरडा, आहे, आणि पहिल्या सरी आल्या की स्वयंपाकघरात उघडे भांडे ठेवण्याची सोय राहत नाही. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेली माशी साधारण सात ते दहा दिवसांत तयार होते. त्यामुळे आपले परसू कितीही स्वच्छ ठेवले तरी आसपासच्या शेणकचऱ्यातून नवी पिढी येतच राहते. त्यातच वडिलांच्या पायाला मधुमेहामुळे झालेली जखम भरत नव्हती. हिरवी चकाकणारी माशी उघड्या जखमेवर अंडी घालते आणि त्यातून जखमेत किडे पडतात, तेव्हा त्यांच्या खोलीत माशी येता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. जाळी ही आमची चैन नव्हती, गरज होती, आणि दारात आलेल्या विक्रेत्याने ती गरज पहिल्या भेटीतच ओळखली.

तो दुसऱ्या जिल्ह्यातून आला होता. त्याच्याजवळ छापील पत्रक, फोटोंचा अल्बम आणि जाळीच्या नमुन्यांची पेटी होती. स्टेनलेस स्टीलची ३०४ दर्जाची, म्हणजे सहसा न गंजणारी जाळी, पावडर कोटिंग केलेली अॅल्युमिनियमची चौकट, सरकत्या शटरला (म्हणजे खिडकीच्या पल्ल्याला) सर्व बाजूंनी ब्रश आणि दहा वर्षांची हमी, असे त्याने सांगितले. ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून नमुन्यावर त्याने आमच्यासमोर लोहचुंबक धरून दाखवला आणि तो चिकटला नाही. वडिलांच्या पायाकडे पाहून त्याने आणखी एक गोष्ट सुचवली: थोडे जास्त पैसे दिल्यास जाळीवर असा औषधी लेप देता येईल की माशी तिच्यावर बसणारच नाही. या सर्व बोलण्यात नमुना मात्र खरा होता, आणि साऱ्या फसवणुकीचा पाया तोच होता. त्या नमुन्याचा बोटभर तुकडा वडिलांनी सहज मागून घेतला आणि औषधांच्या डब्यात ठेवला.

कोटेशनवर मात्र त्याने फक्त ‘एसएस जाळी’ एवढेच लिहिले. दर्जा, तारेची जाडी, इंचाला किती घरे, ब्रश कुठे कुठे, यांपैकी काहीही कागदावर आले नाही. निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ द्यावी लागली, आणि ती यूपीआयने पाठवताना पडद्यावर आलेले नाव कोटेशनवरील नावाशी जुळत नव्हते. भावाचे खाते आहे, असे उत्तर मिळाले.

शटर तयार करूनच आणली गेली. जाळीची कापलेली कड चौकटीच्या खाचेत रबराखाली दाबलेली होती, त्यामुळे आत कोणती तार आहे हे पाहण्यास जागाच उरली नव्हती. संध्याकाळपर्यंत सर्व खिडक्या आणि मागील दार उरकून कामगार निघून गेले. नवी जाळी चांदीसारखी चमकत होती. जस्ताचा मुलामा दिलेली साधी लोखंडी तारही नवी असताना अशीच चमकते.

पहिली शंका गंजामुळे नव्हे, तर माश्यांमुळेच आली. घरातील माश्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. घरमाशी सहा-सात मिलिमीटर लांब असते आणि बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या, इंचाला अठरा बाय सोळा घरांच्या जाळीचे छिद्र दीड मिलिमीटरपेक्षाही लहान असते. म्हणजे जाळीतून माशी येणे शक्यच नाही. ती जाळीच्या बाजूने येते. सरकती खिडकी अर्धी उघडली की काचेचे शटर आणि जाळीचे शटर यांच्या मध्ये उभी फट राहते, आणि ती बुजवण्यासाठीच तेथे लोकरीसारखा ब्रश लावतात. आमच्याकडे तो केवळ पुढून दिसणाऱ्या एका कडेला होता, मागील कड आणि वरखालचे ट्रॅक रिकामे होते. पावसाचे पाणी जाण्यासाठी खालच्या ट्रॅकला पाडलेली भोकेही उघडी होती. मागील दाराची अवस्था याहून वाईट होती. आमचा उंबरठा जुन्या जांभ्या दगडाचा, झिजून मध्ये खोलगट झालेला. दाराच्या खालच्या कडेला लवचीक रबरी पट्टी लावली असती तर तो उंचसखलपणा झाकला गेला असता, पण तेथे दोन बोटे शिरतील एवढी फट तशीच सोडली होती. शिवाय जाळीचे दार आतल्या बाजूला उघडणारे बसवले होते. जेवणाच्या वासाने माश्या बाहेरून जाळीवर बसलेल्या असतात. दार आत ढकलले की त्या दारासकट घरात येतात. माश्यांसाठीचे दार बाहेर उघडणारे आणि स्प्रिंगने आपोआप मिटणारे असावे लागते, हे या व्यवसायातील कोणत्याही प्रामाणिक मिस्त्रीला ठाऊक असते. त्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही, कारण त्याच्या अल्बममधील प्रत्येक दार बाहेर उघडणारे होते.

औषधी लेपाचेही तसेच. ज्या जाळीवर माशी बसणारच नाही म्हणून वेगळे पैसे घेतले, तिच्यावर पहिल्या दिवसापासून माश्या बसत होत्या. कीटकनाशक लावलेली वस्तू विकायची तर आपल्याकडे कीटकनाशक अधिनियम, १९६८ नुसार त्या कीटकनाशकाची नोंदणी लागते आणि वेष्टनावर नोंदणी क्रमांक असतो. येथे औषधाचे नावही कुणी सांगू शकले नाही. घरात उघडी जखम असलेला रुग्ण असताना असा खोटा दिलासा विकणे, हा या व्यवहारातील मला सर्वांत अक्षम्य वाटलेला भाग आहे.

पावसाळा संपत आला तेव्हा खाडीच्या बाजूच्या खिडक्यांवर नारिंगी ठिपके उमटले, खिडकीच्या कट्ट्यावर गंजाचे ओघळ आले आणि गणपतीच्या साफसफाईत ओल्या फडक्याने पुसताना तारा तुटून हातात आल्या. त्या वेळी औषधांच्या डब्यातील तो तुकडा आठवला. लोहचुंबक नमुन्याला चिकटला नाही, खिडकीच्या जाळीला मात्र घट्ट बसला.

येथे एक खुलासा करतो. चुंबकाची परीक्षा पूर्ण नाही. ३०४ स्टीलची तार ओढून बारीक करताना तिच्यात किंचित चुंबकत्व येऊ शकते, त्यामुळे हलकीशी ओढ जाणवली म्हणून लगेच आरोप करू नये. उलट २०१ किंवा २०२ हे कमी निकेलचे स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, पण खाऱ्या हवेत लवकर डागाळते. तो फरक रसायनाच्या थेंबाने ओळखता येतो. भंगार आणि स्टीलचा व्यवहार करणाऱ्यांकडे ती छोटी बाटली असते. चुंबक घट्ट चिकटला तर मात्र ती तार ३०४ नसल्याचा संशय बळावतो.

फोनवर विक्रेत्याने प्रथम खाऱ्या हवेचे कारण दिले. समुद्राजवळ ३०४ वर तपकिरी डाग पडू शकतात आणि म्हणूनच किनाऱ्यावर मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेले ३१६ दर्जाचे स्टील अधिक टिकते, हे खरे आहे. परंतु ३०४ ची तार एका पावसाळ्यात कुजून तुटत नाही. मग हमी चौकटीची होती, जाळीची नव्हती, असे सांगण्यात आले. त्यानंतर फोन उचलणे बंद झाले.

बिल पुन्हा नीट तपासले तेव्हा मापांतील फरकही समोर आला. स्वयंपाकघरातील खिडकीचे जाळीचे शटर ४६ बाय ४४ इंच आहे, म्हणजे सुमारे १४ चौरस फूट. बिलात ते १८ चौरस फूट होते, कारण माप भिंतीच्या कडेपासून घेऊन वर प्रत्येक बाजू सहा इंचांच्या पुढच्या पटीत वाढवली होती. कापताना माल वाया जातो म्हणून माप थोडे वाढवून धरण्याची रीत या कामात आहे, पण ती आधी सांगावी लागते. येथे ती कोटेशनवर नव्हती आणि बोलण्यातही आली नव्हती. बिलावर अठरा टक्के जीएसटी लावलेला होता. त्यावरील पंधरा अंकाक्षरी क्रमांक सरकारी जीएसटी संकेतस्थळावर टाकला असता ती नोंदणी पूर्वीच रद्द झालेली दिसली. नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून हा कर घेण्याचा अधिकारच नाही. हा शोध विनामूल्य आहे, लॉगिनही लागत नाही, आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दोन मिनिटांत करता येतो.

आता गावातल्याच फॅब्रिकेटरकडून (चौकटी-जाळ्या बनवणाऱ्याकडून) वडिलांच्या खोलीची आणि स्वयंपाकघराची जाळी बदलून घेतली आहे. तेथे पीव्हीसीचे आवरण असलेली फायबरग्लासची जाळी लावली, कारण ती गंजत नाही आणि स्वस्तही पडते. उंदीर ती कुरतडतात, म्हणून फक्त मागील दाराच्या खालच्या भागात ३०४ ची जाळी घातली. फायबरग्लास म्हणून नायलॉनही खपवतात, तेव्हा एक धागा काडेपेटीच्या ज्योतीत धरून पाहिला: नायलॉन वितळून गोळा होतो, फायबरग्लासचे आवरण जळते पण आतला काचेचा धागा शिल्लक राहतो. या वेळी जाळीचा दर्जा, इंचाला घरे, ब्रशच्या जागा, दार उघडण्याची दिशा आणि प्रत्येक खिडकीचे इंचांतील माप कोटेशनवर लिहून घेतले, नमुन्याचा तुकडा त्याच कागदाला टाचून त्यावर दोघांच्या सह्या केल्या, आणि शटरमध्ये जाळी दाबण्याचे काम आमच्या अंगणातच करवून घेतले. त्या फॅब्रिकेटरने यातील कशालाही हरकत घेतली नाही.

पहिल्या विक्रेत्याविरुद्ध आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, लेखी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि नंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज केला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे फसवणारा परजिल्ह्यातला असला तरी आपल्याला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. वस्तू किंवा कामासाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बिल देण्यास नकार देणे ही त्याच कायद्याखाली स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ज्यांना बिलच मिळाले नाही त्यांनीही मागे हटू नये. अर्जासोबत कोटेशन, यूपीआयची पावती, गंजलेल्या जाळीचे फोटो आणि मूळ नमुन्याचा तुकडा जोडावा, आणि पुरावा म्हणून जुनी जाळी काढल्यावर फेकू नये. आमच्या खिडकीची एक संपूर्ण शटर तशीच बांधून ठेवली आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, तेव्हा ज्यांच्या घरी असे काम झाले असेल त्यांनी बिलावरील तारीख आजच पाहून घ्यावी.