गाल्लुरा की एटना? इटलीच्या दोन बेटांवरच्या पांढऱ्या वाइन

ताटात मासा आहे, मग पांढरी वाइन चालेल, एवढ्यावर निवड थांबवू नका. माशासोबत काय आहे ते आधी बघा. मीठ आणि तेल असेल तर सार्डिनियाची वाइन घ्या. आंबट, गोड किंवा लोण्याचं काही असेल तर सिसिलीची.

सार्डिनियाच्या ईशान्येला, गाल्लुरात, ग्रॅनाइट झिजून झालेल्या भुसभुशीत जमिनीत व्हर्मेंतिनोचे वेल असतात. 'व्हर्मेंतिनो दी गाल्लुरा'मध्ये हे द्राक्ष किमान 95 टक्के असावंच लागतं. 1996 पासून तिला डीओसीजी हा इटलीचा सर्वांत वरचा दर्जा आहे, आणि बेटावर तो दुसऱ्या कुठल्याच वाइनला नाही. नाकाला पेअर आणि रोझमेरीसारख्या झुडपांचा वास येतो, घोट उतरताना कडू बदामाची चव रेंगाळते. ही कडसर चवच हिचं बळ. बोय माशाची खारवून वाळवलेली गाभोळी, म्हणजे 'बोत्तार्गा', स्पॅगेटीवर किसून घातली की हा कडवटपणा तिचा खारट तेलकटपणा कापतो. तिथे रेड वाइन उघडली तर तोंडात लोखंडी, उग्र चव येते.

गाल्लुराची दुसरी जोडी तिसऱ्यांची (शिंपल्यांची) 'फ्रेगोला'. चौघांसाठी 1 किलो तिसऱ्या, 300 ग्रॅम फ्रेगोला (रव्याचे भाजलेले गोळे). तिसऱ्या लिटरला 35 ग्रॅम मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा. घाई केली तर वाळू दाताखाली येते. त्या उघडल्यावर सुटलेलं पाणी गाळून त्यातच फ्रेगोला शिजवा. वरून मीठ घालू नका, पाणी आधीच खारट असतं.

सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर कार्रिकांते हे द्राक्ष पिकतं, उंचावर, थंड रात्रींत. त्यात मॅलिक आम्ल भरपूर, म्हणून 'एटना बियांको' चांगलीच आंबट: लिंबू, हिरवं सफरचंद, शेवटी किंचित खारी. व्हिनेगर आणि साखर घातलेली वांग्याची 'कापोनाता' समोर आली की व्हर्मेंतिनो बेचव लागते, कार्रिकांते तग धरते. तारल्या, रानबडीशेप, बेदाणे आणि चिलगोजे घातलेल्या पास्त्यालाही हीच. कोकमाच्या आंबटाजवळही आमचा कौल हिलाच, फक्त तिखट बेताचं हवं. मिरची जास्त झाली की अल्कोहोल ती आणखी पेटवतं.

लेबलवर 'सुपेरिओरे' दिसलं तर जपून वाचा, कारण दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा. गाल्लुरात त्याची मुख्य खूण म्हणजे अल्कोहोल जास्त, किमान 13 टक्के. एटनावर मात्र द्राक्षं मिलो या एकाच गावाच्या हद्दीतली आणि कार्रिकांते किमान 80 टक्के. साध्या एटना बियांकोत 60 टक्केही चालतं. त्यामुळे एटनावर या शब्दासाठी जादा पैसे मोजावेत. गाल्लुरात हलकं जेवण असेल तर साधीच बरी. बजेट कमी असेल तर 'व्हर्मेंतिनो दी सार्देन्या' घ्या, ती अख्ख्या बेटाची, थोडी सैल पण प्रामाणिक.

गाल्लुरा 8 ते 10 अंशांवर वाढा, एटना 10 ते 12 वर. थेट फ्रिजमधून ओतलीत तर वास दबतो आणि व्हर्मेंतिनोचा कडवटपणा नको तेवढा टोचतो. वीस मिनिटं आधी बाहेर काढा. साधी व्हर्मेंतिनो दोन-तीन वर्षांत संपवावी. मिलोची चांगली बाटली पाच-सहा वर्षं सहज टिकते, पण गार, अंधाऱ्या जागी; स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या कपाटात नाही.