‘डिसेंडेड फ्रॉम’ लिहावं की ‘कम फ्रॉम’?

घराण्याचा इतिहास, वंशावळ किंवा संतचरित्र इंग्रजीत लिहायला घेतलं की ‘अमक्यांचे वंशज’ आणि ‘मूळचे अमक्या गावचे’ इथे हमखास अडखळायला होतं. हाताशी पर्याय दोन: ‘बी डिसेंडेड फ्रॉम’ आणि ‘कम फ्रॉम’. पहिल्यात रक्ताच्या नात्याचा थेट दावा आहे, दुसऱ्यात तो असेलच असं नाही. निवड इथेच ठरते.

‘डिसेंडेड फ्रॉम’पुढे पूर्वजाचं किंवा घराण्याचं नाव येतं, आणि तिथून खाली अपत्यांची साखळी अखंड लागते. पैठणचंच घ्या. भानुदास हे एकनाथांचे पणजोबा, म्हणून ‘एकनाथ वॉज डिसेंडेड फ्रॉम भानुदास’ अगदी बरोबर. कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या लेकीचे चिरंजीव. आपल्याकडे वंश मुलाकडून मोजायची रीत, त्यामुळे त्यांना ‘वंशज’ म्हणताना जीभ अडते. इंग्रजीत लेकीकडची साखळीही तेवढीच पक्की. मुक्तेश्वरांबद्दल ‘डिसेंडेड फ्रॉम एकनाथ’ बिनदिक्कत लिहावं.

जांबचे समर्थ रामदास (जन्म 1608) मात्र बोहल्यावरून निघून गेले, त्यांना अपत्य नाही. त्यांच्या घराण्यातल्या आजच्या माणसाबद्दल ‘डिसेंडेड फ्रॉम रामदास’ लिहिलं तर ते साफ चूक. तिथे थोरले बंधू गंगाधरपंतांचं नाव हवं. काका, चुलत आजोबा, गुरू, यांपैकी कुणालाही हा शब्दप्रयोग लागत नाही. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर ही चूक दाखवणार नाही, कारण वाक्यरचनेत काहीच बिघडलेलं नसतं.

हयात माणसासाठी ‘इज’ किंवा ‘आर’, गेलेल्यासाठी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’. ‘आय ॲम डिसेंडिंग फ्रॉम’ कधीच नको, त्याचा अर्थ कुठून तरी खाली उतरतोय असा होतो. नुसतं ‘डिसेंड्स फ्रॉम’ भाषा, प्रथा, पदवी यांना छान बसतं: ‘मराठी डिसेंड्स फ्रॉम महाराष्ट्री प्राकृत’. ‘डिसेंडंट’ हे नाम वापरलं की मागोमाग ‘ऑफ’ येतं, ‘फ्रॉम’ नाही.

‘कम फ्रॉम’ मोकळा आहे. गाव, घराणं, समाज, घरातला धंदा, सगळं त्यात मावतं. संभाजीनगरच्या हिमरू विणकराच्या घरातली मुलगी ‘कम्स फ्रॉम अ फॅमिली ऑफ वीव्हर्स’. यात घोळ होतो तो काळाचा. मूळ गाव सांगायचं तर साधा वर्तमानकाळ: ‘आय कम फ्रॉम लातूर’. ‘आय केम फ्रॉम लातूर’ म्हटलं की लातूरहून प्रवास करून आलो, आणि ‘आय ॲम कमिंग फ्रॉम लातूर’ म्हणजे अजून वाटेतच आहे. मुलाखतीत हे वाक्य फार वेळा चुकतं. गेलेल्या माणसांबद्दल भूतकाळ योग्यच: शहाजीराजांविषयी ‘हिज फॅमिली केम फ्रॉम वेरूळ’.

वंशावळीत मधल्या दोन पिढ्यांची नावं सापडत नसतील, निजामकाळातले उर्दू किंवा मोडी कागद कुणी वाचून घेतले नसतील, तर ‘डिसेंडेड फ्रॉम’ लिहायची घाई नको. अशा वेळी ‘क्लेम डिसेंट फ्रॉम’ हा प्रामाणिक पर्याय आहे. सिंदखेडच्या लखुजी जाधवांचं घराणं देवगिरीच्या यादवांचं म्हणून सांगितलं जातं. तिथे ‘क्लेम्ड डिसेंट फ्रॉम द यादवज ऑफ देवगिरी’ हेच शोभतं. ‘ट्रेस बॅक टू’ वापरायचं तर मध्ये कर्म हवं: ‘दे ट्रेस देअर ॲन्सेस्ट्री बॅक टू’. ‘गो बॅक टू’ काळ सांगतं, नातं नाही. ‘टेक आफ्टर’ तर निव्वळ चेहऱ्यामोहऱ्याचं किंवा स्वभावाचं साम्य, वंशावळीत त्याचं काम नाही.

छापायला देण्याआधी ‘डिसेंट’चं स्पेलिंग मात्र डोळ्यांनी तपासा. त्यात ‘एस’ आणि ‘सी’ दोन्ही असतात; ‘एस’ गळाला की ‘सभ्य’ अर्थाचा वेगळाच शब्द होतो, आणि तोही बरोबर असल्याने संगणक त्याखाली लाल रेघ ओढत नाही.